हीटर कॉइल पुन्हा पुन्हा गळते तेव्हा

जुलैतली संध्याकाळ, सिंहगड रोड, बारीक पाऊस. बाहेरून वायपर चालू आणि आतून काच धूसर. एसी लावला, हवा काचेवर सोडली, पाच मिनिटं झाली तरी धुकं जाईना. डाव्या हाताने फडकं फिरवलं तर काच स्वच्छ व्हायच्या ऐवजी तूप फासल्यासारखी फरांटली, आणि समोरून येणाऱ्या बसच्या दिव्यांना काचेवर फाटे फुटले. शेजारी आई बसली होती. ती म्हणाली, "अरे, गाडीत काकवी सांडलीय का कुठे? केव्हाचा गोड वास येतोय." घरी उतरताना तिची चप्पल मॅटला चिकटली.

काचेवर तेलकट थर, गोडसर वास आणि डाव्या बाजूचं चिकट कार्पेट ही तीन लक्षणं एकत्र दिसली की हीटर कॉइल गळतेय असं जवळजवळ धरून चालावं. आमची गाडी २००५ सालची, पेट्रोल, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर पाच-पाच वर्षांचं पासिंग करून ठेवली आहे आणि पुढेही ठेवायची आहे. तिची कॉइल चार वर्षांत तीनदा गेली. खरं कारण सापडलं ते तिसऱ्या वेळी. गॅरेजमधून दर वेळी "कॉइल बदलावी लागेल" एवढंच उत्तर मिळत असेल, तर हे पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या मागे, ब्लोअरच्या वाटेत बसवलेला वहीएवढा रेडिएटर. इंजिनमधलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, दोन रबरी होजमधून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत, ओलांडून आत येतं, कॉइलच्या बारीक नळ्यांतून फिरतं आणि परत जातं. एसीची कूलिंग कॉइलही त्याच खोक्यात असते. पुण्यात हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघालो तर, म्हणून तिच्याकडे वर्षभर कुणी बघत नाही. पण काही गाड्यांत कॉइलकडे जाणारं कूलंट अडवणारा कॉक असतो आणि काहींत नसतोच, फक्त हवेची झडप असते. कॉक नसेल तर तुम्ही हीटर लावा न लावा, कूलंट बारा महिने कॉइलमधून फिरत राहतं. कॉक असला आणि तो बंद असला तरी कॉइल भरलेलीच असते. वापर नाही म्हणून ती टिकेल, असं समजू नका.

आतलं पाणी नक्की कुठलं?

पावसाळ्यात हा प्रश्न सोपा नसतो. मी पहिल्या वेळी इथेच चुकलो आणि दोन आठवडे दाराची रबरं तपासत बसलो. वायपरखालच्या जाळीतून पाणी खाली जायला वाट असते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर गुलमोहराची बारीक पानं त्या वाटेत जाऊन चिखल करतात आणि पावसाचं पाणी ब्लोअरमधून थेट डाव्या सीटच्या पायापाशी उतरतं. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली तरी तेच होतं. म्हणजे एकाच जागी ओल आणणारी तीन कारणं आहेत, आणि गॅरेजमध्ये घाईत तिन्हींना "लिकेज" हा एकच शब्द वापरतात.

फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे पांढरा टिश्यू. मॅट उचलून कार्पेटवर टिश्यू दाबा. पावसाचं पाणी मातकट उमटतं, एसीचं पाणी नितळ असतं आणि वाळल्यावर काही उरत नाही. कूलंट हिरवट, लालसर किंवा गुलाबी डाग सोडतं. तुमच्या गाडीत कुठल्या रंगाचं आहे ते बॉनेट उघडून बाटलीत आधी पाहून घ्या. दोन बोटांत चोळलं तर आधी बुळबुळीत लागतं, नंतर चिकट. काही जुने मिस्त्री जिभेला लावून बघतात. कृपा करून ते करू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड आणि शरीराला विषारी आहे.

यात एक फसवी शक्यता आहे. कॉइलमधून गळलेलं कूलंट खोक्याच्या तळाशी जमतं, आणि एसीची ड्रेन नळी मोकळी असेल तर तिथूनच रस्त्यावर पडतं. मग कार्पेट कोरडं राहतं आणि कूलंट मात्र कमी होत जातं. दुसऱ्या वेळी आमचं तसंच झालं. पार्किंगमध्ये डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला एसीचं पाणी पडतं त्याच जागी हिरवट ठिपका दिसला, तेव्हा कळलं. म्हणून एसीचं पाणी पडणाऱ्या जागी एक रात्र पांढरा पुठ्ठा ठेवून बघा.

कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा. सकाळी गाडी थंड असताना, रोज एकाच जागी उभी करून बघा. आठवड्याभरात पातळी उतरली, बॉनेटखाली कुठेही ओल नाही, होजच्या क्लिपांपाशी पांढरा-हिरवा खार नाही, तर संशय दोघांवरच उरतो. एक हीटर कॉइल, दुसरं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, गाडी थंड असताना चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला किंवा रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे दिसले, तर आधी गॅस्केट बघा. गळक्या गॅस्केटमधून सिलिंडरचा दाब कूलंटमध्ये शिरतो आणि तोच कॉइल फोडतो. अशा गाडीत नवी कॉइल टाकली तरी तीही फुटते.

पक्कं करायचं असेल तर प्रेशर टेस्टर लावून घ्या. रेडिएटरच्या टोपणाच्या जागी हातपंप बसवतात आणि टोपणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात. आमच्या टोपणावर ०.९ बार आहे. पंधरा मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. हलला आणि बाहेर कुठे थेंब दिसला नाही, तर डाव्या सीटच्या पायापाशी कान देऊन बघा. आमच्या कॉइलचा फुसफुस आवाज स्पष्ट ऐकू आला होता.

टेस्टर मिळत नसेल तर बायपास करा. हीच चाचणी आणि हाच तात्पुरता उपाय. फायरवॉलपाशी येणारे दोन्ही हीटर होज गाडी पूर्ण थंड असताना सोडवायचे आणि एका पितळी किंवा प्लास्टिकच्या जोडनळीने एकमेकांना जोडायचे, दोन्हीकडे क्लिपा घट्ट. कॉइल आता रांगेतून बाहेर. दहा दिवस पातळी जागची हलली नाही तर दोषी कॉइलच. मात्र होजच्या तोंडात बोळे कोंबून किंवा बोल्ट घालून ते बंद करू नका. गॅरेजमध्ये हे सर्रास करतात. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बंद असताना कूलंट फिरायची वाट हीटरच्या होजमधूनच असते. ती बंद केली की थर्मोस्टॅटपाशी गरम कूलंट वेळेवर पोहोचत नाही आणि इंजिनचं तापमान खालीवर व्हायला लागतं.

पुण्यात बायपासवर सहा महिने सहज निघतात. पावसाळ्यात काच एसीनेही साफ होते, कारण एसी हवेतला दमटपणा काढून घेतो. एका गोष्टीची मात्र जाणीव ठेवा. दिवे घाटात किंवा खंबाटकीला ट्रकच्या मागे अडकून तापमानाचा काटा वर चढू लागला की आपण एसी बंद करून हीटर पूर्ण सोडतो, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत येते आणि काटा उतरतो. बायपास केल्यावर ही सोय गेली. उन्हाळ्यात घाटाचा प्रवास असेल तर आधी कॉइलचं काम उरका.

तीनदा काय केलं

पहिल्या वेळी हळद टाकली. हसू नका, आपल्याकडे रेडिएटरमध्ये हळद हा खरोखर चालत आलेला उपाय आहे, आणि बारीक छिद्र काही दिवस बुजतंही. आमचं सात आठवडे बुजलं. नंतर काढलेली कॉइल मी घरी आणून करवतीने उभी कापली. बारीक नळ्यांपैकी निम्म्या पिवळ्या-तपकिरी चिखलाने गच्च भरल्या होत्या, सुरीचं टोक घालून खरवडावं लागलं इतकं घट्ट. लिक बंद करणारी तयार पावडरही तेच करते, फक्त जरा सभ्यपणे. तिला छिद्र कोणतं आणि नळी कोणती हे कळत नाही. रस्त्यात अडकलात आणि घर गाठायचं आहे, एवढ्यापुरतं ठीक. नंतर लगेच सगळं फ्लश करा, म्हणजे जुनं काढून आतून धुवून घ्या.

दुसऱ्या वेळी नाना पेठेतून नवीन कॉइल आणली आणि बसवली. पार्टपेक्षा मजुरी जवळपास तिप्पट झाली, कारण आमच्या गाडीत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्यात एक अख्खा दिवस जातो. काम नीट झालं होतं. तरीही चौदा महिन्यांत तीच काकवी, तीच काच. गॅरेजवाले म्हणाले, पार्ट लोकल निघाला असेल. मीही तसंच मानून चालणार होतो.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. भोसरीच्या कारखान्यांत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. मी बॉनेट उघडून वाकलो होतो तेव्हा ते दूध घेऊन चालले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कॉइल दोषी नाही रे. तिला कोण खातंय ते बघ. मीटर आहे का घरात?"

"मीटर आहे काका, पण त्याने काय मोजणार?"

"त्या तुझ्या हिरव्या पाण्यात व्होल्टेज किती आहे ते. आण तर खरा."

ही चाचणी मी पूर्ण सांगतो, कारण ती कुठल्याच गॅरेजमध्ये कुणी केली नव्हती आणि तिला दहा मिनिटं लागतात. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. रेडिएटरचं टोपण उघडा. गरम इंजिनवर टोपण कधीही उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. मीटर डीसी व्होल्टवर, लहान रेंजला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, मीटरची काळी पिन इंजिनच्या घासलेल्या स्वच्छ धातूला लावा आणि लाल पिन कूलंटमध्ये बुडवा. पिन रेडिएटरच्या धातूला टेकता कामा नये. या वेळी जो आकडा येतो तो कूलंटचा स्वतःचा. जुनं, दमलेलं कूलंट आणि इंजिनमधले वेगवेगळे धातू मिळून एक कमजोर बॅटरीच तयार होते. आमचा आकडा ०.२१ आला. काका म्हणाले, "हे पाणी बदल. पण एवढ्याने चौदा महिन्यांत भोक पडायचं नाही."

मग बॅटरी जोडली, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर ठेवली, आणि एकेक गोष्ट चालू करत गेलो. हेडलाइट लावले, ०.३५. ब्लोअर चारवर, ०.४८. मग काकांनी मला स्टार्टर मारायला सांगितलं आणि स्वतः मीटर धरला. "नऊ!" ते ओरडले. म्हणजे ०.९ व्होल्ट. साधारण ०.१ च्या आत असेल तर चांगलं, ०.३ च्या वर गेलं तर धातू खाल्ला जातोय असं समजायचं. अॅल्युमिनियमची कॉइल तर फारच लवकर.

हे व्होल्टेज येतं कुठून? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी आणि बॅटरीशी जोडणारी जाड अर्थ वायर लागते. ती खराब झाली की स्टार्टरचा, दिव्यांचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट कधी गिअरच्या केबलमधून जाते, कधी कूलंटमधून. कूलंटमधून गेला की पातळ पत्र्याच्या नळ्या आतून झिजतात.

आमची अर्थ वायर गिअरबॉक्सवरून चासीच्या एका बोल्टला जाते. दिसायला ठणठणीत. काकांनी ती हाताने वाकवली तर आवरणाच्या आत तारा करकर तुटल्या, आणि आवरण कापल्यावर हिरवी भुकटी सांडली. दुसरं टोक त्याहून वाईट होतं. तीन वर्षांपूर्वी पुढच्या बाजूचं डेंटिंग-पेंटिंग झालं, तेव्हा ती जागा रंगवून टाकली होती आणि वायरचं टोक रंगावरच आवळलं होतं. रंगातून करंट जाणार कसा! कॉइल पहिल्यांदा गळली तीही त्या कामानंतर सहा महिन्यांच्या आतच. हे दोन धागे मी कधी एकमेकांना जोडलेच नव्हते.

पॉलिश पेपरने दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत घासल्या, नवी जाड वायर बसवली, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. स्टार्टर मारताना आकडा ०.२४ वर आला, म्हणजे जवळजवळ फक्त जुन्या कूलंटचाच उरला. पुढे कूलंट बदलल्यावर तो ०.०५ झाला. नवी कॉइल त्यानंतर बसवली. अर्थिंग आधी, कॉइल नंतर, हा क्रम उलटा करू नका.

पाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आमचं ०.२१ तिथून आलं. कमी झालं की मी बादलीतलं पाणी ओतत होतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर नाहीतर बोअर. त्या पाण्याची बादलीवर पांढरी रेघ उठते, तीच आत बारीक नळ्यांत उठते. वर दर वेळी कूलंट पातळ होत जातं. पुण्यात पाणी गोठायची भीती नाही म्हणून कूलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. आपल्याला ते हवं असतं त्यातल्या गंजरोधकांसाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर निम्मं ते आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पाणी घालायचंच नाही. हिरवं आणि गुलाबी एकत्र करू नका, रंग बदलायचा तर आधीचं पूर्ण फ्लश करा. गंजरोधक काही वर्षांत संपतात, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीला बदला, गाडी कमी चालली असली तरी.

टोपणही बदला. स्वस्त वस्तू आहे. जुन्या टोपणाची स्प्रिंग अडकली की दाब नको तितका वाढतो, आणि सर्वांत पातळ जागा सोसते. आकडा मात्र कंपनीने दिलेलाच, जास्तीचा "चांगला" म्हणून घेऊ नका.

कॉइल बसवताना

हे काम घरी करू नका, फार तर शेजारी उभे राहा. काही गाड्यांत कॉइल पॅडलच्या बाजूने खेचून निघते. तुमच्या गाडीत तसं असेल तर डॅशबोर्ड उतरवू देऊ नका, आधी विचारा. पूर्ण खोकं काढावं लागत असेल तर एसीचा गॅसही काढावा लागतो, तेव्हा एसीचं काम करणारा माणूस त्याच दिवशी हवा. मिस्त्रींना मी चार गोष्टी आधीच सांगितल्या होत्या. नवी कॉइल बसवण्याआधी पाण्यात बुडवून हवेने तपासायची. दोन्ही होज आणि क्लिपा नव्या. कॉइलभोवतीचा फोम जुना परत लावायचा नाही, नाहीतर ती खोक्यात हलते आणि तोंडाच्या नळीवर ताण येतो. आणि इंजिनचे माउंटिंग बघायचे, कारण ते बसले असतील तर इंजिन हलताना होज ओढतो. आमचं डावं माउंटिंग फाटलेलंच निघालं.

कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा, म्हणजे कॉइलमधली हवा निघते. गाडीचं तोंड जरा चढावर असेल तर उत्तम. पुढचे दोन-तीन दिवस गार असताना पातळी बघून थोडं भरावं लागतं, ती गळती नव्हे.

उरली गाडीची आतली साफसफाई. काच भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा, दर वेळी नवं फडकं, नंतर साध्या पाण्याने. कार्पेट वरून पुसून उपयोग नाही, खालचा फोम कूलंट धरून ठेवतो. डावी सीट काढून कार्पेट बाहेर घेतलं, गरम पाणी आणि साबणाने धुतलं आणि गच्चीवर दोन दिवस उन्हात टाकलं. पार्किंगमध्ये सांडलेलं मात्र त्याच क्षणी मातीने किंवा भुश्श्याने टिपून, फरशी धुवून घ्या. गोड वासाने सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जुनं कूलंट गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, ते ऑइलसोबत वेगळं ठेवतात का हे विचारून.

आता सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी मी मीटर घेऊन खाली उतरतो, आणि काका खाली असले तर तेच पिन धरतात. गेल्या रविवारी स्टार्टर मारताना ०.०६ आलं. बाटलीतली पातळी दोन वर्षांपूर्वी मारलेल्या रेघेवरच आहे.